तरोट्याची भाजी कवा खुडायची, कशी करायची

दोन-तीन चांगले पाऊस पडले का धुऱ्यावर (शेताच्या बांधावर), पडीतात, रोडच्या कडेला तरोटा आपोआपच उगवते, कोकणाकडं यालेच टाकळा म्हणतात. एकेका देठावर पानाच्या तीन जोड्या दिसल्या अन् रात्री पानं मिटली म्हणजे तोच. भाजीले फक्त कोवळे शेंडे खुडा, झाड वीतभर असतानाच, पिवळं फूल आलं का सोडून द्या, पानं जून होतात. फवारणी झालेल्या धुऱ्यावरचा तर घ्याच नका. धुवून उकळा अन् पाणी पिळून टाका, नाहीतर उग्र वास राहते. मंग तेलात कांदा, हात सैल सोडून लसूण, हिरवी मिरची, भिजवलेली चण्याची डाळ शिजू द्या अन् त्यात भाजी परता. सोबत ज्वारीची भाकर, पोळी नको बाप्पा!