गरी लांब फेकू नका, मासा पायाशीच आहे

नागपूरच्या महाल भागात माझं टू-व्हीलर दुरुस्तीचं दुकान आहे. सोमवारी दुकान बंद, म्हणून सोमवारी गरी, म्हणजे गळ टाकून मासेमारी. अट एकच, आधी परवानगी. बहुतेक तलावांत मासेमारीचा ठेका सहकारी संस्थेकडे असतो, तर त्यांच्या माणसाला विचारूनच बसायचं. तोतलाडोहकडे फिरकूच नका. तो जलाशय पेंच व्याघ्र प्रकल्पात आहे, तिथे मासेमारीला बंदी आहे.

आपल्याकडचे बरेच तलाव म्हणजे मातीची पाळ आणि पाण्याच्या अंगाला काळ्या दगडाचं उतरतं पिचिंग, म्हणजे रचून बसवलेल्या दगडांचं अस्तर. नवा गडी इथे येऊन पहिलं काय करतो, तर जोर लावून गरी दूर भिरकावतो. उथळ काठावर ते बरोबर, खोल पाणी तिथे लांब असतं. पिचिंगवर मात्र दोन काठ्यांच्या अंतरातच पाणी पुरुषभर होतं. रोहू दगडावरचं शेवाळ चरत तुमच्या पायाखालून जाऊन राहिला असतो, आणि तुमचा चारा मधल्या पाण्यात एकटा. म्हणून गरी काठाला समांतर टाका, दगडापासून हातभर ते काठीभर अंतरावर. आणि खाली वाकून पाहू नका राजेहो, तुमची सावली पडली की मासा सरकलाच.

उतारावर आणखी एक सोय आहे. जागा न बदलता खोली बदलता येते. कतला वरच्या पाण्यात, रोहू मधल्या, मृगळ तळाला. त्यासाठी सरकता तरंगा करा, म्हणजे पाण्यावर तरंगून चारा हव्या खोलीला धरणारा तुकडा. थर्माकोलच्या तुकड्यातून पेनाची रिकामी रिफील आरपार घाला आणि तिच्यातून तंगूस, म्हणजे गरीची नायलॉन दोरी, ओवा. जितकी खोली हवी तिथे तंगूसवर शिवणाच्या दोऱ्याची घट्ट गाठ मारा. गाठ रिफीलच्या तोंडाशी अटकते, तरंगा तिथेच थांबतो. वीसेक मिनिटांत काही हललं नाही तर गाठ हातभर सरकवा. चारा म्हणजे कणीक आणि शेंगदाण्याची ढेप (पेंड), थोडी घट्टच मळलेली.

तरंगा आधी सांगितला, कारण तरंग्यावरची गरी दगडात कमी फसते. तळालाच टाकायची असेल तर वजन जाईल असं धरूनच चाला. माझ्याकडे जुन्या स्पार्क प्लगांना तोटा नाही. प्लगच्या टोकाच्या फटीत शिवणाचा दोरा ओवायचा, टोक हलकेच ठोकून फट बंद करायची आणि वीतभर दोऱ्याने तो तंगूसच्या शेवटाला बांधायचा. गरी त्याच्या हातभर वर, तंगूसच्याच बाजूला काढलेल्या आखूड फांदीवर. प्लग दगडाच्या फटीत बसला की कच्चा दोरा तुटतो, गरी आणि मासा दोन्ही परत येतात. एका सोमवारी तीन-चार प्लग जातात. तलावात लोखंड टाकणं मलाही पटत नाही, म्हणून हा उपाय मृगळापुरताच ठेवतो.

गरीच फसली तर सरळ ओढू नका, आणखी रुतते. तंगूस ढिली सोडा, पाच-सहा पावलं बाजूला चालत जा आणि उलट्या बाजूने ओढा. तरीही निघाली नाही तर तंगूस एखाद्या लाकडाच्या तुकड्याला गुंडाळून तोडा, तळहाताला नाही, बोट चिरतं. प्रत्येक अडकणीनंतर शेवटची हातभर तंगूस नखावरून फिरवून पाहा. खरखर लागली की तेवढी कापून गरी नव्याने बांधा. इथे आळस केला की मोठा मासा तिथूनच तोडून जातो.

पायात चप्पल नको, रबरी तळाचे बूट हवेत. ओल्या शेवाळावर पाय निसटला की धरायला काही नसतं. एकटं जायचं नाही आणि दगडाच्या फटीत न पाहता हात घालायचा नाही. इंगळी, म्हणजे विंचू, असते.

मागच्या उन्हाळ्यात दोनेक किलोचा रोहू काठाला आणला आणि घाईत तंगूस धरूनच उचलला. दगडाच्या धारेवर तंगूस टचकन तुटली. रोहू दोन दगडांमधून घसरत खाली गेला आणि त्याला धरायला गेलो तर माझी चप्पलही. तेव्हापासून जाळीच्या दांड्याला बांबू बांधून तो लांब केला आहे. जाळी आधी पाण्यात बुडवून ठेवायची, मासा दमला की डोक्याकडून तिच्यावर आणायचा. हे काम दुसऱ्याचं. मी काठी उंच धरतो, भाचा जाळी उचलतो. परवा त्याने घाईत आधी तरंगाच जाळीत घेतला.