शेण तपासणी: पद्धत निवडण्याआधी काय विचारायचं?

जनावराच्या पोटात जंत आहेत का, हे शेणात त्यांची अंडी शोधून कळतं, आणि त्याच्या पद्धती बऱ्याच आहेत. परजीवीशास्त्राला एम. व्ही. एस्सी. (पशुवैद्यकातली पदव्युत्तर पदवी) करायला आलेली मुलं पहिल्याच आठवड्यात विचारतात, "सर, यातली बेस्ट पद्धत कुठली?" मी उलट विचारतो: नमुना शेळीचा की म्हशीचा, आणि शंका कशाची? हे कळल्याशिवाय पद्धतीवर बोलण्यात अर्थ नाही.

डायरेक्ट स्मिअरला नावं ठेवायची आपल्याकडे पद्धतच आहे. मोहरीएवढं शेण, थेंबभर सलाइन, वर कव्हरस्लिप. एवढ्याशा शेणात अंडं दिसलं नाही तर त्यावरून काहीच ठरत नाही, हे खरं. पण जुलाब लागलेल्या कुत्र्याच्या ताज्या विष्ठेत जिआर्डिया या एकपेशीय परजीवीचे हलणारे ट्रोफोझोइट (त्याची जिवंत, पोहणारी अवस्था) बघायचे तर हीच पद्धत लागते. मिठाच्या दाट पाण्यात ते टिकतच नाहीत.

शेळ्या-मेंढ्यांच्या लेंड्यांचं रोजचं काम मात्र फ्लोटेशनवर चालतं, म्हणजे दाट द्रावणात अंडी तरंगवून वर आणायची. लिटरभर पाण्यात सुमारे ३६० ग्रॅम मीठ विरघळतं आणि द्रावणाचं विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या तुलनेतली घनता) १.२०च्या आसपास येतं. ते हायड्रोमीटरने तपासा, अंदाजावर सोडू नका. गोलकृमींची अंडी आणि कॉक्सिडिया या एकपेशीय परजीवींचे ऊसिस्ट (त्यांची अंड्यासारखी कवचातली अवस्था) यात झकास वर येतात, सेंट्रिफ्यूज वापरलं तर आणखी चांगले. स्लाइड लगेच बघा. चहा पिऊन आलात तर मिठाचे स्फटिकच दिसतील. साखरेच्या द्रावणाला (१.२७) हा त्रास कमी, पण टेबल, मायक्रोस्कोप, बोटं सगळं चिकट होतं.

आता म्हैस. भातखाचरं आणि तळ्याकाठच्या गवतावर चरणारी, खंगलेली, जबड्याखाली सूज आलेली. इथे मिठाच्या पाण्यावर विसंबलात तर फसाल. यकृतातल्या चपट्या कृमीची, फॅसिओला जायगँटिकाची, अंडी जड असतात, १.२०च्या द्रावणात ती तरंगत नाहीत. त्यासाठी सेडिमेंटेशन, म्हणजे अंडी तळाशी बसवणं. पाच-सहा ग्रॅम शेण भरपूर पाण्यात कालवायचं, चहाच्या गाळणीतून गाळायचं, निमुळत्या ग्लासात काही मिनिटं स्थिर ठेवायचं, वरचं पाणी हलक्या हाताने ओतून टाकायचं आणि नवीन पाणी घालायचं. पाणी नितळ होईपर्यंत हेच करत राहायचं. कंटाळवाणं काम आहे, आणि घाईत ओतणाऱ्याची अंडी बेसिनमध्ये जातात. तळच्या गाळात मिथिलीन ब्लूचा एक थेंब टाका: चोथा निळा होतो आणि त्यात फॅसिओलाचं सोनेरी-पिवळं अंडं उठून दिसतं. ॲम्फिस्टोम या दुसऱ्या चपट्या कृमीचं अंडं जवळपास तेवढंच, टोकाला तसंच झाकण, पण फिकट, रंगहीन. हा फरक हातात बसेपर्यंत दोन्ही स्लाइड शेजारी ठेवून बघत राहा.

पावसाळ्यानंतर मेंढ्यांना दुर्गंधीयुक्त जुलाब लागतात तेव्हा आणखी एक पेच असतो. अपक्व ॲम्फिस्टोम आतड्यात धुमाकूळ घालत असतात, पण अंडी घालण्याइतके ते वाढलेले नसतात. अंडी नाहीत म्हणून नमुना टाकू नका; शेण धुऊन गाळात नुसत्या डोळ्यांनी बारीक कृमी शोधा.

अंडी मोजायची असतील तर मॅकमास्टर, म्हणजे दोन खणांची मोजणीची स्लाइड. तीन ग्रॅम लेंड्या, ४२ मिलि द्रावण, दोन्ही खणांतली अंडी मोजून ५०ने गुणायचं. म्हणजे एक अंडं दिसलं तर ५० ईपीजी (दर ग्रॅम शेणातली अंडी), आणि शून्य दिसलं तर "५०पेक्षा कमी असू शकतं" एवढंच. मिनी-फ्लोटॅक या मोजणीच्या दुसऱ्या साधनामध्ये ५ ग्रॅमला ४५ मिलि घेतल्यास गुणक ५ येतो. जंतनाशक लागू पडतंय का, हे औषधाआधी आणि नंतरच्या आकड्यांवरून ठरवायचं असेल तर हा फरक फार महत्त्वाचा: सुरुवातीचे आकडेच कमी असतील तर ५०च्या उड्या मारून टक्केवारी काढणं मला पटत नाही. शिवाय हिमाँकस, ट्रायकोस्ट्राँगायलस, ईसोफॅगोस्टोमम या गोलकृमींची अंडी दिसायला सारखीच. कोणता जंत आहे हे सांगायला लेंड्यांचं कल्चर लावून (लेंड्यांतली अंडी उबवून) अळ्या ओळखाव्या लागतात, त्यात आठवडाभर जातो.

थीसिससाठी पद्धतींची तुलना करणाऱ्यांना दोन गोष्टी आवर्जून सांगतो. एकच नमुना नीट घोटून मग वाटून घ्या. एका पद्धतीला वरचं शेण आणि दुसरीला तळाचं, असं झालं की तुम्ही पद्धती नाही, शेण तोलताय. आणि वाचणाऱ्याला आधीचा निकाल कळू देऊ नका. नमुना शक्यतो गुदद्वारातून, हातमोजा घालून घ्यावा, पिशवीतली हवा काढून फ्रीजमध्ये ठेवावा, गोठवू नये. उन्हाळ्यात बाहेर राहिला तर दिवसभरात अंडी फुटून अळ्या बाहेर पडतात, आणि तुमची मोजणी गेली.

रिपोर्टवर नुसतं "निगेटिव्ह" लिहायची सवय लावून घेऊ नका. "मिठाच्या फ्लोटेशनने अंडी आढळली नाहीत" असं लिहिलंत, तर म्हशीचा डॉक्टर ते वाचून सेडिमेंटेशन मागून घेईल.