ट्रॅक काळी एकचा, गाणारी ताई काळी पाचची: पिच शिफ्टर प्लगइन कसं वापरावं

गणपती जवळ आले की कोल्हापुरात ज्याच्याकडं म्हणून एक माइक आणि लॅपटॉप आहे त्याच्याकडं मंडळांची गाणी यायला लागतात, आणि त्यात ट्रॅक, म्हणजे मागचं तयार संगीत, काळी एकमध्ये (पेटीच्या ज्या पट्टीवर सा धरायचा ती पट्टी) करून आणलेला आणि गाणारी ताई काळी पाचमध्ये गाणारी हे तर हमखास. नाहीतर शाहू जयंतीचा पोवाडा असतो, शाहीर वेळेवर हजर पण झीलकऱ्यांचा, म्हणजे मागं साथीला गाणाऱ्यांचा, पत्ता नाही. दोन्ही वेळेला पिच शिफ्टर, म्हणजे रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडायचं सूर वरखाली करणारं प्लगइन, कामाला येतो, फक्त एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, हे प्लगइन सेमीटोन, म्हणजे पेटीवरच्या एका पट्टीपासून लगेच शेजारच्या काळ्या-पांढऱ्या पट्टीपर्यंतचं अंतर, मोजतं, त्याला सा रे ग म काही कळत नाही. ते कळायचं काम तुमच्या कानाचं, म्हणून पेटी शेजारी घेऊनच बसा.

आधी ते करतं काय ते बघू. टेपचा स्पीड वाढवला की सूर चढतो पण गाणंही लवकर संपतं, ३३ ची रेकॉर्ड ४५ वर लावली की सूर साधारण पाच सेमीटोन वर जातो आणि गायक धावत सुटतो. पिच शिफ्टर आवाजाचे अगदी बारीक तुकडे करून ते असे परत जोडतो की सूर बदलतो पण लय आहे तिथंच राहते. इव्हेंटाइड कंपनीचं एच९१० हार्मोनायझर हे मशीन १९७५ च्या सुमाराला आलं तेव्हा ही सोय मोठ्या स्टुडिओंना मिळाली, आता तेच काम लॅपटॉपवर होतं. आणि ऑटोट्यून वेगळं बरं का, ते चुकलेला सूर ओढून जागेवर आणतं, हे सगळंच्या सगळं सारख्या अंतरानं सरकवतं, म्हणजे गाताना बेसूर झालेलं शिफ्ट केल्यावरही बेसूरच राहणार.

मी रीपर ह्या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधल्या रीपिच ह्या पिच शिफ्टरवर सांगतो, दुसरं सॉफ्टवेअर असलं तरी बटणं थोडीफार अशीच असतात.

पहिलं काम मोजायचं. पेटीवर काळी एकपासून खाली या, पांढरी एक, पांढरी सात, काळी पाच, झाल्या तीन पट्ट्या. म्हणजे ट्रॅक उणे ३ सेमीटोन. वरच्या बाजूनं गेलात तर अधिक ९ होतात, तेवढं ताणलं की कुठलाही ट्रॅक पातळ आणि पत्र्यासारखा वाजतो, म्हणून दोन्हीकडून मोजायचं आणि जवळची बाजू घ्यायची. माझ्या मते तयार ट्रॅक तीनपेक्षा जास्त सरकवायचाच नाही, लागत असेल तर संगीत परत वाजवून घ्या.

मग ट्रॅकच्या एफएक्स बटणावर जाऊन रीपिच लावा, सेमीटोनच्या स्लायडरवर उणे ३ करा आणि ड्राय (मूळ आवाज) पूर्ण खाली आणून फक्त वेट (बदललेला आवाज) ठेवा, नाहीतर जुना सूर आणि नवा सूर दोन्ही एकदम वाजत राहतात आणि कुठं बिघडलंय तेच कळत नाही. खाली अल्गोरिदम, म्हणजे सूर सरकवायची पद्धत, निवडायची जागा आहे, तिथं पूर्ण ट्रॅकला इलास्टिक प्रो घ्या, एकट्या आवाजाला किंवा बासरीला सोलोइस्ट घेऊन बघा.

आता पेटीवर काळी पाच दाबून धरा आणि ट्रॅकचा सा ऐका. पेटी जुनी असली तर ती ४४० हर्ट्झच्या ठरलेल्या मापाला जुळलेली असेलच असं नाही, त्यामुळं थोडं लहरत असेल तर सेंट्सचा स्लायडर हळूहळू हलवा, १०० सेंट म्हणजे एक सेमीटोन, लहर थांबली की जुळलं. गाण्यात पेटी प्रत्यक्ष वाजणार असेल तर हे करायलाच पाहिजे, अल्लादियाखाँसाहेब ज्या कोल्हापुरात दरबारी गवई होते तिथले कान वीस सेंटचा फरकसुद्धा पकडतात.

ठेक्याचं मात्र सांभाळून. हलगी, ढोल, ताशा वेगळ्या ट्रॅकवर असतील तर त्यांना हातच लावू नका, शिफ्ट केलं की काडीचा तडाखा पसरतो आणि हलगीची सगळी मजाच जाते. तबला आणि ढोलकी सुरात लावलेली असतात, त्यामुळं ती तशीच ठेवली तर नव्या पट्टीला खुपतात, जमलं तर नव्या पट्टीत परत वाजवून घ्या, नाहीच जमलं तर शिफ्ट करा. ज्यानं ट्रॅक केलाय त्याच्याकडून सुटे ट्रॅक मागून घ्यायचे ते ह्याचसाठी.

गळ्याचा आवाज शिफ्ट करताना फॉरमंट, म्हणजे आवाजाचं घुमणं, बघायचाच. गळ्याची आणि तोंडाची पोकळी ठरावीक भागात आवाज घुमवते, त्यावरून माणूस ओळखू येतो, आणि साधं शिफ्ट केलं की ते घुमणंही सुराबरोबर सरकतं, म्हणून चार सेमीटोन वर नेलेला गडी लहान पोरासारखा वाटतो. इलास्टिक प्रोमध्ये फॉरमंट जपायचा पर्याय आहे तो निवडा. उलट भारदस्त आवाज पाहिजे असेल तर सूर तसाच ठेवून नुसता फॉरमंट एक-दोन सेमीटोन खाली घ्या, पोवाड्यातल्या संवादाला हे लई चांगलं बसतं.

झील करायची असेल तर शाहिराच्या ट्रॅकच्या दोन कॉप्या करा, एक उणे ८ सेंट करून डावीकडं, दुसरी अधिक ८ सेंट करून उजवीकडं, एकीला १२ आणि दुसरीला २० मिलीसेकंदांचा उशीर द्या आणि दोन्ही मुख्य आवाजापेक्षा बऱ्याच खाली ठेवा. मग मोनो, म्हणजे डावं-उजवं एकत्र, करून ऐका, कारण मांडवातले स्पीकर बऱ्याचदा मोनोच असतात आणि तिथं ह्या कॉप्या एकमेकींना खाऊन आवाज पोकळ करू शकतात. तरी सांगतो, शाहिराला तीच ओळ परत दोनदा गायला लावली तर ते ह्याच्यापेक्षा कितीतरी जिवंत होतं, प्लगइन वेळ नसेल तेव्हा.

हार्मनीत, म्हणजे मूळ सुराबरोबर दुसरा सूर जोडताना, सगळ्यात जास्त लोक फसतात. अधिक ४ लावलं की सा चा ग होतो, गोड लागतं, पण रे वर गेलात की तीव्र म येतो आणि सगळे शुद्ध सूर असलेल्या चालीत तो एकदम परका वाटतो. अधिक ७ त्यातल्या त्यात बरं, सा चा प, रे चा ध, ग चा नि, म चा वरचा सा, फक्त नि वर आलं की परत तीव्र म. भूप रागात बांधलेली चाल असली तर मात्र ग वर लक्ष ठेवा, कारण अधिक ७ नं तिथं नि येतो आणि भूपात नि नाहीच. अशा जागी तेवढ्या स्वरापुरता शिफ्ट ऑटोमेशननं (गाणं चालू असताना स्लायडर आपोआप हलवायची सोय) बदला किंवा तिथं हार्मनी बंदच करा. अधिक १२ आणि उणे १२ ला ही भानगड नाही, स्वर तोच राहतो, सप्तक बदलतं.

प्लगइनचा क्रमही बघा, आधी नॉइज साफ, मग शिफ्टर, मग कॉम्प्रेसर (आवाजातली चढउतार कमी करणारा) आणि रिव्हर्ब (घुमटासारखी गुंज देणारा) शेवटी, कारण रिव्हर्ब लागलेला आवाज शिफ्ट केला की त्याची शेपटी गढूळ होते. आणि गाणाऱ्याच्या हेडफोनमध्ये शिफ्टर चालू ठेवून रेकॉर्डिंग करू नका, प्लगइनला हिशेब करायला वेळ लागतो, आवाज मागून येतो आणि गाणारा लयीतून सुटतो. तयार ट्रॅक शिफ्ट करायचा असेल तर आधी शिफ्ट करून रेंडर करा, म्हणजे नवी फाइल तयार करून घ्या, ती नवी फाइल लावा आणि मगच ताईला माइकसमोर उभं करा. मूळ फाइल पुसू नका, नव्या फाइलच्या नावात पट्टी आणि आकडा दोन्ही लिहा, आरती काळी पाच उणे ३ असं, म्हणजे पुढच्या वर्षी दुसरं कुणी गायला आलं तर परत मूळ फाइलवरनंच मोजता येईल, शिफ्ट केलेल्यावर आणखी शिफ्ट चढवायची वेळ येणार नाही.