लंडनमधलं नव्याने सजवलेलं व्हिक्टोरियन घर घेण्याआधी कसं पारखावं

लंडनमध्ये घर शोधायला लागलं की जाहिरातींची भाषा महिन्याभरात पाठ होते. ‘संपूर्ण नूतनीकरण केलेलं, चार बेडरूमचं, जुन्या खुणा जपलेलं व्हिक्टोरियन घर’. फोटोत पांढऱ्याशुभ्र भिंती, दारात नक्षीच्या फरश्या, मागे काचेच्या छताचं स्वयंपाकघर. वॉल्थमस्टो असो की टूटिंग, रांगेतली ही घरं बाहेरून बहिणी-बहिणी दिसतात.

लोक घाबरतात ते घराच्या वयाला. माझं मत उलटं आहे. १८८० च्या सुमाराला बांधलेली भिंत दोन महायुद्धं आणि शंभराहून जास्त हिवाळे सोसून उभी आहे. तिने आपली परीक्षा दिली आहे. परीक्षा घ्यायची ती दोन वर्षांपूर्वी झालेल्या कामाची.

१. आधी आपल्या नावावर काय आहे ते बघा

घर बघायला जाण्याआधी ही पायरी, कारण इथे मराठी माणूस हमखास ठेचकाळतो. इंग्लंडमध्ये घर घेताना मुद्रांक शुल्क भरावं लागतं. एप्रिल २०२५ पासूनच्या दरांनी पहिल्या १,२५,००० पौंडांवर काही नाही, तिथून २,५०,००० पर्यंत २ टक्के आणि ९,२५,००० पर्यंत ५ टक्के. म्हणजे ९,००,००० पौंडांच्या घराला ३५,००० पौंड.

पण पुण्यात किंवा ठाण्यात तुमच्या नावावर फ्लॅट असेल तर? जगात कुठेही ४०,००० पौंड किंवा त्याहून जास्त किमतीचं दुसरं घर किंवा त्यातला तेवढ्या किमतीचा हिस्सा तुमच्याकडे राहणार असेल, आणि तुम्ही आधीचं राहतं घर विकून हे घेत नसाल, तर साधारणपणे पूर्ण किमतीवर आणखी ५ टक्के लागतात. आपल्या उदाहरणात ४५,००० पौंड जास्तीचे, एकूण ८०,०००. फ्लॅट नवरा-बायकोपैकी एकाच्याच नावावर असला तरी दोघांना मिळून एकच धरतात. आईवडिलांनी प्रेमाने सातबारावर नव्हे, फ्लॅटच्या करारात तुमचं नाव घातलं असेल, तर ते वकिलाला पहिल्याच दिवशी सांगा. शेतजमीन यात येत नाही, राहण्याजोगं घर येतं.

२. पावसात जा आणि आधी समोरच्या फुटपाथवर उभे राहा

एजंट किल्ली फिरवत दार उघडेल, पण लगेच आत शिरू नका. रस्ता ओलांडून छप्पर बघा. या घरांवर मूळची वेल्समधली पातळ, काळसर स्लेट असायची. ती काढून काँक्रीटची कौलं घातली असतील तर वजन बरंच वाढतं, आणि खालचे वासे बळकट केले नसतील तर छताची रेघ मधोमध झोळ खाते. शेजारच्या दोन घरांशी ताडून बघा, फरक डोळ्यांना दिसतो. पाऊस पडत असेल तर पन्हळ कुठे गळते तेही फुकटात कळतं.

मग भिंतीजवळ या. एक वीट लांबीने, एक रुंदीने, अशी रचना दिसली तर भिंत भरीव आहे, साधारण ९ इंच जाडीची, आत पोकळी नाही. असल्या भिंती चुन्यात बांधलेल्या असतात आणि चुना ओल शोषतो, पुन्हा बाहेर सोडतो. आपल्या जुन्या वाड्यांचंही हेच तंत्र होतं. घर विकायला काढताना ‘स्वच्छ’ दिसावं म्हणून कुणी विटांमधले सांधे सिमेंटने भरले असतील, तर ओलीला सांध्यातून बाहेर पडता येत नाही. ती विटेतून निघते, आणि थंडीत गोठून विटेचं तोंड फुटतं. टणक करड्या सांध्यांच्या मध्ये विटांची भुकटी होत असलेली दिसली की समजा, हे काम सुधारणेचं नाही.

आता खाली वाका. जोत्यात ओल अडवणारा थर असतो; बाहेरची जमीन त्याच्या किमान १५० मिलिमीटर खाली हवी. पुढच्या अंगणात देखणी नवी फरशी घालताना ही पातळी नेहमी वर चढते. त्याच उंचीला जाळीच्या विटा असतात, लाकडी जमिनीखाली वारा खेळावा म्हणून. मागच्या बाजूला लाकडी ओटा बांधून त्या बुजवल्या असतील तर जमिनीखालच्या तुळया कुजायला लागतात, आणि वर मात्र पॉलिश चकाकत असतं.

तडे बघताना दिशा बघा. केसाएवढे तडे प्रत्येक जुन्या घराला असतात. खिडकीच्या कोपऱ्यातून जिन्यासारखा पायऱ्यापायऱ्यांनी चढणारा, वर रुंद होत जाणारा तडा वेगळा. लंडनच्या मोठ्या भागाखाली चिकणमाती आहे. ती कोरड्या उन्हाळ्यात आकसते आणि जवळ मोठं झाड असेल तर आणखीच. १९७६ च्या दुष्काळानंतर पाया खचल्याचे विमादावे इथे अक्षरशः रांगेने आले. या घरावर असा दावा कधी झाला होता का, हे लेखी विचारा, कारण पुढे तुमचाही विमा त्यावर ठरणार.

३. आत गेल्यावर फर्निचरकडे पाठ करा

दारांच्या चौकटी बघा. चौकट तिरकी आणि दाराचा वरचा भागही त्याच तिरकसपणाने तासलेला, असं असेल तर घर फार पूर्वी कलून तिथेच स्थिरावलं आहे. चौकट तिरकी आणि दार काटकोनात, फटी ताज्या, असं असेल तर प्रश्न विचारा.

खालच्या भिंतींना गुडघ्याच्या उंचीवर हात लावा. बोटांनी टिचकी मारा. पोकळ आवाज आला तर नवा गिलावा सुटला आहे किंवा ओलसर भिंतीपुढे नवी पातळ फळी उभी केली आहे. एका घरात फक्त एकाच भिंतीला ताज्या रंगाचा वास येत होता. मालक म्हणाले, ‘मुलाने रेघोट्या मारल्या होत्या.’ शक्य आहे. आम्ही पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो, तर त्या भिंतीवर पिवळट डाग वर आला होता.

पुढची आणि मागची खोली एक करून मोठा हॉल केलेला असतो. मधली भिंत वरच्या मजल्याचं वजन पेलत होती. तिच्या जागी लोखंडी तुळई आहे का, कुणी मंजूर केली? तसंच धुराड्याचं. खालच्या खोलीतली चूल काढून जागा मोकळी केली असेल, तर वर माळ्यावर जा आणि उरलेलं धुराडं कशावर टेकलं आहे ते बघा. टनभर विटा हवेत लोंबकळत असण्याची उदाहरणं सर्वेअर, म्हणजे विक्रीआधी घराची तपासणी करणारी मंडळी, आनंदाने सांगतात.

सरकत्या खिडक्या प्रत्येक उघडून बघा. प्रत्येक, खरंच.

४. माळ्यावरच्या बेडरूमची किंमत कागदावर ठरते

चौथी बेडरूम बहुतेक वेळा छपराखाली असते. कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या पालिकेच्या, किंवा मान्यताप्राप्त निरीक्षकाच्या बांधकाम-पूर्तीच्या दाखल्याशिवाय ती बेडरूम नव्हे, तो गालिचा घातलेला माळा. आग लागली तर खाली उतरायला सुरक्षित जिना, आग अडवणारी दारं, एकमेकांना जोडलेले धुराचे अलार्म, हे त्या दाखल्यामागचं प्रकरण. दाखला नसेल तर किंमत तीन बेडरूमच्या घराची लावा.

बाकीचे कागद असे मागा:

- मागच्या वाढीव बांधकामाची परवानगी आणि पूर्तीचा दाखला. सामाईक भिंतीला हात लावला असेल तर १९९६ च्या कायद्यानुसार शेजाऱ्याशी झालेला करारही.
- वाढीव भाग सांडपाण्याच्या सार्वजनिक नळावर आला असेल तर पाणी कंपनीची संमती.
- एप्रिल २००२ नंतर खिडक्या बदलल्या असतील तर त्यांचं प्रमाणपत्र, शिवाय विजेच्या कामाचं आणि बॉयलरचं.
- घर संवर्धन क्षेत्रात असेल तर प्लॅस्टिकच्या खिडक्यांना परवानगी होती का.

कागद नसले की समोरचा वकील म्हणतो, ‘विमा पॉलिसी काढून देतो.’ ही पॉलिसी कौन्सिलच्या कारवाईपासून वाचवते, खचणाऱ्या तुळईपासून नाही. आणखी एक गोम: तुम्ही आधीच कौन्सिलला फोन करून चौकशी केलीत तर ती पॉलिसी मिळेनाशी होऊ शकते. म्हणून उत्साहाने फोन फिरवण्याआधी आपल्या वकिलाशी बोला.

५. सर्वेअर आपला नेमा

कर्ज देणारी बँक मूल्यांकन करते ते तिच्या पैशांसाठी. तुम्हाला हवी ती तिसऱ्या स्तराची सविस्तर पाहणी, आणि चुना-विटांची घरं रोज बघणारा सर्वेअर. एजंटने सुचवलेला नको. त्याला पुढचंही काम एजंटकडूनच हवं असतं. डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात गणपतीला गेलात तर दहा नावं मिळतील, पण त्यांतल्या प्रत्येकाने कोणत्या काळातलं घर तपासलं होतं ते विचारून घ्या. सोबत सांडपाण्याच्या नळांत कॅमेरा घालून तपासणी करून घ्या. जुन्या मातीच्या नळांच्या सांध्यांतून झाडांची मुळं शिरतात आणि नवं स्वयंपाकघर नेमकं त्यांच्याच डोक्यावर असतं.

६. भाव आणि सही

इंग्लंडमध्ये ‘ऑफर मान्य’ याला कायद्याने अर्थ नाही. सह्या केलेल्या करारांची दोन्ही वकिलांमध्ये अदलाबदल होईपर्यंत दोन्ही बाजू मोकळ्या. मालक जास्त पैसे देणाऱ्याकडे वळू शकतो आणि तुम्हीही मागे फिरू शकता. सर्वेअरच्या अहवालातले दोष कंत्राटदाराच्या लेखी अंदाजांसह मांडून भाव कमी करून घ्यायची हीच वेळ. नुसतं ‘ओल आहे’ म्हटलं तर एजंट हसतो. आकडा दिसला की मालकाला फोन लावतो.

अदलाबदलीच्या दिवशी सहसा १० टक्के रक्कम भरावी लागते, आणि साधारणतः त्याच दिवसापासून घराची जोखीम तुमची होते. किल्ली हातात यायला अजून आठवडे असले तरी इमारतीचा विमा त्या सकाळीच सुरू झालेला हवा.