हिरा लंडनहून घ्यावा, न्यूयॉर्कहून की मुंबईत?

तुलना सुट्या हिऱ्याचीच करा. अंगठीत सोनं आणि घडणावळ मिसळली की हिशेब फसतो. वजन, रंग, शुद्धता, कट आणि प्रमाणपत्र देणारी प्रयोगशाळा, सगळं जुळायला हवं. ०.९६ कॅरटची १.०० शी तुलना नकोच, पूर्ण कॅरटला दर एकदम उडी मारतो.

मग कर वेगळा काढा. लंडनच्या किमतीत २० टक्के व्हॅट धरलेलाच असतो, म्हणून १.२ ने भागा. पर्यटकांना दुकानातल्या खरेदीवरचा व्हॅट २०२१ पासून परत मिळत नाही, हे अनेकांना बिल झाल्यावरच कळतं. न्यूयॉर्क शहरात पाटीवरच्या किमतीवर ८.८७५ टक्के चढतात. मुंबईत पैलू पाडलेल्या सुट्या हिऱ्यावर जीएसटी १.५ टक्के. परदेशातून आणलात तर सीमाशुल्कही धरा.

पैसे देण्याआधी गर्डलवर, म्हणजे हिऱ्याच्या भोवतालच्या कडेवर, लेसरने कोरलेला क्रमांक दहापट भिंगातून प्रमाणपत्राशी ताडून पाहाच.