टीएलएस लायब्ररीचा कोड झाडताना ‘फालतू’ ओळी उडवू नका

फोंड्याकडची इंजिनिअरिंगची पोरं टीएलएसचा (इंटरनेटवरचा संवाद गुप्त ठेवणाऱ्या पद्धतीचा) ओपन सोर्स कोड साफ करायला बसली की प्रश्न ठरलेला: "दादा, हा बफर पुढे वापरलेलाच नाही, मग शेवटी मेमसेट कशाला? काढू?" नको. त्या बफरात, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या जागेत, सेशनची गुप्त किल्ली असू शकते, ती मेमसेटने शून्यं भरून पुसूनच फंक्शनबाहेर पडायचं असतं. चवथीआधी घर झाडताना गणपतीवर टांगायच्या माटोळीची चौकट अडगळ म्हणून कोण फेकतो?

गंमत अशी, की तुम्ही ठेवलात तरी कंपायलर तो मेमसेट उडवू शकतो. त्याच्याही लेखी तो निरुपयोगीच. म्हणून तिथे कंपायलरने उडवू नये यासाठीच केलेलं एक्स्प्लिसिट_बीझीरो वापरा, ओपनएसएसएल या टीएलएस लायब्ररीत असाल तर ओपनएसएसएल_क्लीन्झ. मग ऑप्टिमायझेशन लावून बिल्ड करा आणि ऑब्जडंप या टूलने असेंब्ली (कंपायलरने बनवलेला मशीनजवळचा कोड) उघडून तो कॉल खरंच उरलाय का ते बघा. नुसता सोर्स वाचून हे कळत नाही.

मॅक (निरोपात फेरफार झालेला नाही हे पटवणारा कोड) ताडून बघणारी लांबलचक एक्सॉर लूपही मेमकंप या मेमरी ताडणाऱ्या नेहमीच्या फंक्शनने ‘सुटसुटीत’ करू नका. मेमकंप पहिल्या फरकाला थांबू शकतं, आणि लागलेल्या वेळावरून बाहेरच्याला सुगावा लागतो.

वॉर्निंग दिसली म्हणून ओळ कापणं तर सगळ्यात वाईट. डेबियन या लिनक्समध्ये २००६ साली व्हॅलग्राइंड या मेमरीच्या चुका शोधणाऱ्या टूलची कुरकुर थांबवायला ओपनएसएसएलचा कोड असाच कापला गेला. किल्ल्या बनवणाऱ्या रँडम आकड्यांची मदार जवळपास प्रोसेस आयडीवरच उरली, आणि हे उघड झालं थेट २००८ मध्ये.

आणि हो, इंडेंटेशनचा कमिट वेगळा ठेवा. लॉजिकचे बदल त्यात मिसळले तर रिव्ह्यू करणारा डोळे मिटूनच पास करणार.