बुलेटचा पुढचा ब्रेक बदलायचाय? मग आधी शॉकप उघडा

अप्पांची 1978 ची साडेतीनशे बुलेट माझ्याकडे आली ती 6 इंची पुढच्या ड्रम ब्रेकसकट. बेळगावच्या खडेबाजारातल्या गर्दीत तो ब्रेक पुरतो. चोर्ला घाटात नाही पुरत. श्रावणातली सर, मागे बायको, पुढे ट्रक, आणि लिव्हर मुठीला टेकली तरी गाडी आपली घरंगळतेच आहे. खालचा गिअर टाकून कसाबसा थांबलो. त्याच आठवड्यात जुन्या पाचशे बुलेटवर यायचं ते 7 इंची, दोन कॅमचं (ब्रेक आतून दाबणारे दोन फिरते तुकडे असलेलं) चाक शोधून आणलं आणि बसवलं. शॉकप, म्हणजे पुढचं चाक धरणारे स्प्रिंगेचे दोन पाय, मात्र तसेच ठेवले. ही माझी चूक. आता ब्रेक लागायचा, पण तोंड धपकन खाली जायचं. मच्छेजवळच्या एका खड्ड्यात शॉकप तळाला आपटले आणि हँडल हातातून सुटता सुटता राहिलं. म्हणून सांगतो, सुरुवात शॉकपपासून करा.

गाडी मेन स्टँडवर घ्या, इंजिनखाली लाकडी ठोकळा द्या, पुढचं चाक अधांतरी ठेवा. शॉकपची खालची टोकं धरून पुढे-मागे हलवा. खट्‌खट लागली तर आधी टीमधले (हँडल जिथं फिरतं त्या जोडातले) छर्रे आणि वाट्या बघा. तिथली ढिलाई राहिली तर पुढचं सगळं काम वाया. मग शॉकप उतरवा. ऑइल सील जिथं घासतं तिथं पाइपावरून नख फिरवा. आपल्या पावसात तिथंच गंज धरतो, आणि नख अडकलं तर नवं सील महिनाभरही टिकत नाही. पाइप जाड काचेवर लोळवा. खालून उजेड उघडमीट करत दिसला तर तो वाकलाय. दोन्ही स्प्रिंगा शेजारी उभ्या करा. उंचीत फरक असेल तर जोडी बदला, एकच बदलू नका.

तेल दोन्ही पायांत मापून, अगदी सारखं घाला. जुन्यापेक्षा थोडं जाड तेल घातलं की तोंड सावकाश खाली जातं. फार जाड मात्र नको, जांबोटीच्या खडबडीत रस्त्यावर मनगटं भरून येतात. जुन्या बुलेटला पाइपावर पत्र्याची कव्हरं असतात, म्हणून बसणूक (वजनानं गाडी किती खाली बसते ते) मोजताना कव्हरची खालची कड आणि बॉटम (शॉकपची खालची नळी) यांतलं अंतर घ्या: एकदा चाक अधांतरी असताना, एकदा तुम्ही सीटवर बसल्यावर. शॉकपच्या एकूण चालीच्या पाव ते एक-तृतीयांश गाडी बसली तर ठीक. जास्त बसली तर स्प्रिंगेवर पाइपाचा छोटा तुकडा ठेवून दाब वाढवा.

आता ब्रेक. ड्रमला आतून दाबणाऱ्या दोन कमानी म्हणजे शू. साध्या ड्रममध्ये दोनपैकी एकच शू असा असतो की फिरता ड्रम त्याला स्वतःकडे ओढून घेतो. दोन कॅमच्या ब्रेकात दोन्ही शू तसे ओढले जातात. सगळा जोर त्यातनं येतो. डिस्क लावा म्हणणारे बरेच भेटले. मला अप्पांच्या गाडीचं तोंड बदलायचं नव्हतं, आणि नीट बसवलेला 7 इंची ड्रम माझ्या वेगाला पुरून उरतो.

ब्रेक प्लेटची खाच शॉकपच्या बॉटमवरच्या उंचवट्यात घट्ट बसलीच पाहिजे. ढिली वाटली तर तिथंच थांबा. ती निसटली तर प्लेट चाकाबरोबर फिरते आणि चाक जागीच अडकतं.

ड्रम लेथवर मारून (आतून गोल कातून) घ्या, पण चाकाला आरे भरून, आऊट काढून (चाक सरळ करून) झाल्यावरच. आरे ताणले की ड्रम किंचित लंबगोल होतो, आधी मारलेला असेल तर सगळं पाणी. आपल्याला उद्यमबागेतले कारखाने जवळ आहेत ते बरं. 19 इंची रिमसकट चाक धरणारा लेथ तिथं मिळतो. मी उभा होतो तेव्हा टर्नरनं दोन हलके हात मारले आणि "साकु, साकु" (कानडीत पुरे, पुरे) म्हणून हत्यार मागे घेतलं. ड्रम गोल झाला की पुरे, चकचकीत करायच्या नादात जाडी घालवू नका.

नव्या लायनरवर (शूवरच्या घासणाऱ्या अस्तरावर) खडू फासा, चाक बसवून ब्रेक दाबत दोन फेरे द्या, उघडून बघा. खडू पुसला तेवढंच टेकतंय. तो भाग कानशीनं हलका घासा, परत खडू. मला चार वेळा करावं लागलं. जुनी धूळ फुंकू नका, ओल्या फडक्यानं पुसा. जुन्या लायनरात ॲस्बेस्टॉस असू शकतं.

लोक घाई करतात ती पुढच्या कामात. दोन्ही कॅमच्या लिव्हरा जोडणारी दांडी असते. तिची एक पिन काढा. दोन्ही लिव्हरा हातानं फिरवून दोन्ही शू ड्रमला टेकवा आणि तसेच धरून दांडीची लांबी अशी करा की पिन जोर न लावता आत जाईल. दोन माणसांचं काम आहे. माझी मुलगी लिव्हरा धरते, मी पिन घालतो. दांडी चुकली तर एकच शू काम करतो आणि पैसे फुकट जातात. शेवटी ॲक्सलचा नट सैल ठेवून ब्रेक करकचून दाबा, दाबलेला असतानाच नट आवळा. शू मधोमध बसतात. शॉकपचे बोल्टही आधी सैलच असू द्या, गाडी आठ-दहा वेळा खाली दाबा, मग खालून वर आवळत जा.

पहिल्यांदा खानापूर रोडला सकाळी रिकाम्या रस्त्यावर न्या. ब्रेक दाबून ताशी चाळीसवरून पंधरावर, वीसेक वेळा, मध्ये ड्रम निवू देत. दोनशे किलोमीटरनंतर दांडी परत तपासा.

एक लक्षात ठेवा. गाडी मागे घरंगळू लागली की हेच दोन्ही शू उलटे पडतात आणि पकड निम्मीही राहत नाही. कणकुंबीकडच्या चढावर ट्रकमागं थांबलात तर डावा पाय मागच्या ब्रेकवर घट्ट ठेवा.